पान त्रेसष्टवर माझी सही नाही

६ एप्रिल, सोमवार

नाश यादी आली. एकशे अठरा पानं. रेकॉर्ड रूममधले कोणते गठ्ठे फेकायचे त्याची यादी, आणि प्रत्येक पानाखाली रेकॉर्ड कीपरची, म्हणजे माझी, सही पाहिजे. ३० तारखेला कागद गिरणीचा ट्रक येणार. मो.सा. (आमचे मोठे साहेब, इथं एवढंच लिहीन) म्हणाले, "मॅडम, महिनाअखेर हॉल रिकामा हवा." तिथं त्यांना काचेची केबिन करायची आहे. करा बापा. एकतीस वर्षं मी त्या धुळीत शिंकले, एक पंखा नाही दिला कोणी.

दुपारी खिडकीवर रंजना. पुन्हा. इतवारीत भांड्याच्या दुकानात बसते, गिऱ्हाइकांच्या ताट-वाट्यांवर मशीननं नावं टाकते. तिचा भाऊ दीपक हातठेला ओढायचा. अकरा वर्षांपूर्वी पोलिसांनी संध्याकाळी उचलला, सकाळी चौकीतच मेला. तेव्हा दंडाधिकाऱ्यांनी बंद दाराआड चौकशी केली होती. तिला त्या चौकशीची नक्कल पाहिजे, वकील म्हणतो त्याशिवाय कोर्टात उभं राहता येत नाही. मागच्या वर्षी आम्ही लिहून दिलं : अभिलेख आढळून येत नाही. खाली सही माझी.

"मॅडम, अजून एक डाव पाह्यता का?"

"पाह्यलं वं बाई. नाही हाय."

खरं म्हणजे मी नाही पाहिलं. शिपायानं पाहिलं, मी सही केली. एवढी कोणाला फुरसत आहे.

२९ मे ला रिटायर. बस.


८ एप्रिल, बुधवार

पान ६३, नोंद ११. "दंडाधिकारी चौकशी, मयत दीपक. वर्ग क. मुदत संपली."

बोट ठेवून पुन्हा वाचलं. आमच्याकडे सगळं कापडावर चालतं. लाल कापड म्हणजे कायम ठेवायचं. हिरवं तीस वर्षं, पिवळं म्हणजे क, दहा वर्षं, पांढरं एक. कोठडीतल्या मरणाची चौकशी लालच. यात वाद नाही. म्हणून शिपायानं लाल रॅक शोधले, बरोबरच केलं त्यानं. पिवळ्यात पाहायचं कोणाच्या डोक्यात येईल?

गेले. शिडी लावून स्वतः चढले, गुडघे गेले चुलीत. मिळाली. पिवळं कापड. गाठ माझी. लेबलवरचं अक्षर माझं.

तिथंच खाली फतकल मारून बसले. सगळं आठवलं. त्या वर्षी लाल कापड संपलं होतं. तीनदा मागणी केली, आलं नाही. मग आम्ही सगळेच करायचो ते केलं. हाताला येईल त्या कापडात बांधायचं आणि वर चिठ्ठी डकवायची, 'लाल समजावे'. लाल आलं की बदलू. चिठ्ठी गोंदानं लावलेली, नागपूरच्या उन्हाळ्यात गोंद किती टिकणार? मग कंत्राटावरचे संगणकवाले आले. कापडाचा रंग पाहून त्यांनी वर्ग टाकून दिला. त्या पोट्ट्यांचा काय दोष.

लाल आलं तेव्हा मी बदललं नाही. विसरले. एवढंच. विसरले.


९ एप्रिल, गुरुवार

यांना सांगितलं. हे शाळेतून रिटायर झालेले, गणिताचे मास्तर. लगेच हिशोब मांडला.

"पन्नास दिवस राह्यले तुझे. काहून डोक्याले ताप करून घेते वं शालू? सही कर अन् मोकळी हो."

"सही केली तर ते कागद लगद्यात जाते."

"जाऊ दे नं. त्याच्यानं पोरगा वापस येनार हाय का?"

मी पोळी तव्यावरच ठेवून बाहेर आले. जळली. हे म्हणाले, पोळी जळली. मी म्हटलं, खा आता तशीच.

भिताहेत ते, मला समजतं. मनीषनगरचा फ्लॅट, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं माझ्या पेन्शनकडे पाहून आहे. पण राग आला तो आलाच.


१० एप्रिल, शुक्रवार

ना.सा. कडे गेले. नायब साहेब तसे वाईट माणूस नाहीत, फक्त आपली खुर्ची सोडून त्यांना काही दिसत नाही. फाइल सापडली म्हणताच उठून दार लोटलं.

"मेश्राम मॅडम, फाइल सापडली म्हणजे मागच्या वर्षीचं उत्तर खोटं. खोटं उत्तर कोणी दिलं?"

"मी."

"अन् पिवळ्यात कोणी बांधली?"

"मीच."

"मग? काहून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता? फाइलीचं नाव यादीत हाय, मुदत संपली हाय, कोनी विचारनार नाही. अन् ते बयान गोपनीय होते. बंद खोलीतले. भायेर द्यायचेच नव्हते."

द्यायचे नव्हते आणि फेकायचे होते यात फरक आहे साहेब, असं मी म्हणाले. चांगलं म्हणाले.


१३ एप्रिल, सोमवार

पानं मोजली. यादीवर हरकत घ्यायची तर पानांची संख्या लिहावी लागते. मोजताना डोळे मिटता येत नाहीत.

सत्तेचाळीस पानं.

सहावा जबाब चौकीसमोरच्या चहावाल्याचा. दीपक रात्रभर पाणी मागत होता. हा गिलास घेऊन गेला, याला हाकललं. तीनदा गेला. जबाबाच्या शेवटी त्यानं लिहून घ्यायला लावलंय, माझं नाव बाहेर येऊ देऊ नका, मला इथंच धंदा करायचा आहे. खाली अंगठा.

पान ४७ वर दंडाधिकाऱ्यांचा निष्कर्ष. मृत्यू नैसर्गिक मानता येत नाही, पुढील कारवाईसाठी सादर. त्याच्याखाली एक शिक्का, 'नोंद घेतली'. कोणी घेतली, काय घेतली, देव जाणे. त्यानंतर एकही कागद नाही. त्यानंतर मी आहे, माझं पिवळं कापड आहे.

म्हणजे एका माणसानं लिहून ठेवलं होतं. अकरा वर्षं ते माझ्या डोक्यावर, चौथ्या रॅकवर होतं. आणि मी त्या बाईला सांगत होते, नाही हाय.

जेवले नाही. डबा परत आणला.


१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. विहारात वंदना, मग गल्लीतल्या बायांसोबत मिरवणूक. निळे झेंडे, ढोल, सरबत. बुंदी वाटली. एका मुलीनं भाषणात विचारलं, आपले शिकलेले लोक हापिसात बसून काय करतात? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग घरी येऊन चेहरा धुतला बराच वेळ.

आजोबांनी छप्पनमध्ये दीक्षा घेतली तेव्हा बाबा त्यांचं बोट धरून होते. त्या घरातली मी. माझी लाज वाटली आज मला, स्पष्ट लिहिते.


१६ एप्रिल, गुरुवार

लिहिलं.

टिपणी दीड पान. "सदर संचिका माझ्या हातून चुकीच्या कापडात बांधली गेली. त्यामुळे तिचा वर्ग चुकला. त्यामुळे अर्जदारास चुकीचे उत्तर दिले गेले. संचिका कायम स्वरूपाची असून नाश यादीतून वगळावी. अर्जदारास नक्कल द्यावी, जबाब क्र. ६ मधील नाव झाकून." त्या 'माझ्या हातून' पाशी पेन पाच मिनिटं थांबला. मग पुढे गेला.

हातोहात दिली नाही. हातात दिलेला कागद साहेबाच्या ड्रॉवरमध्ये मरतो. आवक टेबलावर गेले, शबानाकडे. तिनं वाचलं, माझ्याकडे पाहिलं.

"ताई, नंबर टाकू? टाकला का मग निघत नाही बरं."

"टाक वं."

तिनं टाकला. आता तो कागद कचेरीत आहे, कोणी काहीही म्हणो. फाइल नव्या लाल कापडात बांधली. आता स्टोअरमध्ये लाल कापडाचे तागे पडले आहेत, कोणी विचारत नाही. माझ्या लोखंडी कपाटात ठेवली. किल्ली पर्समध्ये.


१७ एप्रिल, शुक्रवार

मो.सा. नी बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. मी बसले.

"ही टिपणी मागे घ्या."

"आवक नंबर पडला आहे सर."

"तुम्हाला पुढारी व्हायचंय का रिटायर होऊन?"

"नाही सर. मी रेकॉर्ड कीपर आहे. अजून दीड महिना."

"साक्षीदाराला गुप्ततेचं वचन दिलेलं होतं. त्याच्या जिवाचं काही झालं तर जबाबदार कोण?"

हे मात्र खरं आहे, आणि मी त्यावर चार दिवस विचार केला होता. म्हणून सांगितलं की नाव झाकून नक्कल द्या. मागे एका जमिनीच्या भांडणात अल्पवयीन मुलीचं नाव आपणच झाकून दिलं होतं, नोंद आहे, पाहिजे तर काढून आणते. त्यावर ते काही बोलले नाहीत. साक्षीदाराची काळजी असती तर बोलले असते. चहावाल्याला पुढे करून भलतेच लोक त्याच्या मागे लपून राहिले आहेत.

"बाकीच्या पानांवर सह्या कधी करता?"

"एकशे सतरा पानांवर आज करते. त्रेसष्टवर नाही करणार."

"बघून घेऊ."

"पहा."

बाहेर आले. शबानानं पाणी दिलं. पण मजा आली, खोटं काहून बोलू.


२१ एप्रिल, मंगळवार

कारणे दाखवा नोटीस. निष्काळजीपणा, अभिलेखाची चुकीची बांधणी, खोटी माहिती देणे. सात दिवसांत खुलासा. म्हणजे माझीच टिपणी मलाच उलटी करून पाठवली.

यांना दाखवली. चष्मा लावून दोनदा वाचली. मग उठून चहा केला, साखर टाकायची विसरले. आम्ही दोघांनी तसाच प्यायला.


२३ एप्रिल, गुरुवार

लवकर सुटून इतवारीत गेले. भांडेबाजारात ठेले, टेम्पो, वरून ऊन. रंजनाचं दुकान शोधायला अर्धा तास. ती दारातच स्टुलावर, पितळेच्या पाण्याच्या गुंडावर कोणाचं तरी नाव टाकत होती. मशीनचा कर्रर्र आवाज. मला पाहून हात थांबला.

सांगितलं. फाइल आहे. आतलं काही सांगू शकत नाही, पण आहे. माझ्या चुकीनं दुसऱ्याच कापडात होती. मागच्या वर्षी दिलेलं उत्तर चूक होतं. पुन्हा अर्ज कर.

मला वाटलं होतं रडेल, हात धरेल. मनातल्या मनात माझं थोडं कौतुकही ऐकून घेतलं होतं मी. ती म्हणाली,

"माय गेली माही. दिवाळीत. तुमचा तो कागद उशाले घेऊन झोपे. म्हने, सरकारनं लिहून देल्लं, काहीच नाही राह्यलं म्हून. त्या कागदानं मेली ते."

"माफी मागते मी."

"मांगा." आणि मशीन चालू केली.

उभी राहिले. गिऱ्हाईक आलं, गेलं. मग तिनं मान वर न करता विचारलं, "अर्जात काय लिहू?" मी तिथंच दुकानाच्या पावतीच्या मागे लिहून दिलं. तिनं घेतलं. आभार नाही मानले. मानायचेही नव्हते.


२८ एप्रिल, मंगळवार

खुलासा दिला. नंबर घेतला. चूक माझी, शिक्षा मला करा, फाइलला काहून करता, असं लिहिलं होतं. शेवटचं वाक्य यांनी खोडायला लावलं. "सरकारी भाषेत लिही वं." मग लिहिलं, "चुकीचा परिणाम अभिलेखावर होऊ नये." तेच झालं.

म्हणजे हे आता खुलासे तपासून राहिले. चांगलं आहे.


३० एप्रिल, गुरुवार

ट्रक आला. गिरणीचे हमाल खाली उतरवत गेले, पांढरे, पिवळे, पांढरे, पिवळे. धूळ इतकी की समोरचा दिसेना. एकतीस वर्षं सांभाळलेलं जाताना पाहून गलबललं. नियमानं जात होतं, तरी.

पान ६३ चे उरलेले एकोणीस गठ्ठे मी बाजूला रचून समोर खुर्ची टाकली. ना.सा. आले. "मॅडम, ट्रक भरू द्या. फालतू तमाशा काहून?" हमालानं एका गठ्ठ्याला हात घातला. "हात लावजो नको गा दादा," म्हटलं. तो बिचारा थांबला. त्याला काय, त्याला उन्हातून सुटायचं होतं.

साडेचारला ट्रक ते एकोणीस गठ्ठे सोडून गेला. मी खुर्चीवरच डुलकी घेतली म्हणे. शबाना सांगून राहिली, घोरत होत्या ताई.


५ मे, मंगळवार

काल भाचीचं लग्न होतं कामठीला. एक दिवसाची रजा. एकच.

आज आले तर एकोणीस गठ्ठ्यांची जागा रिकामी. टेम्पो बोलावून पाठवले. आणि पान ६३ वर सही, 'रे.की. रजेवर, करिता', पुढे ना.सा. ची वळणदार.

कपाट उघडलं. लाल गठ्ठा जागेवर. म्हणजे वीस नोंदी नष्ट दाखवल्या, गेले एकोणीस. विसावा माझ्याकडे. कागदोपत्री ही फाइल आता नाही. आणि आहे.

ना.सा. हळूच म्हणाले, "साहेब म्हणते, तो एक गठ्ठा मुकाट देऊन टाका. नोटीस वापस घेतो म्हणते. पेन्शनचा कागद ह्याच आठवड्यात पुढे. शाल, नारळ, सगळं इज्जतीत. उद्यापर्यंत सांगा."


६ मे, बुधवार

खोटं नाही लिहिणार. सकाळी बसमध्ये द्यायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. थकले आहे. गुडघे दुखतात. यांचे माझ्यापेक्षा जास्त दुखतात. कोण ती रंजना, धड माझ्याशी बोललीही नाही.

कचेरीत येऊन कपाट उघडलं, द्यायलाच. मग पुन्हा पान ४७ काढलं. त्या दंडाधिकाऱ्यांची मी ओळखही नाही ठेवली, बदलून आले, बदलून गेले. त्यांनाही कोणीतरी म्हटलं असेल, साहेब, नैसर्गिक लिहून टाका. नाही लिहिलं त्यांनी. त्यांचं काम त्यांनी केलं. माझं काम फक्त ते सांभाळणं होतं, त्यातही मी माती खाल्ली. आता दुसऱ्यांदा?

कपाट बंद केलं. ना.सा. ना सांगितलं, "नाही देत."

"पस्तावाल."

"पस्तावीन. तुम्ही निरोप आणला ते नाही सांगणार कोणाला." हसले नाहीत.

यांना संध्याकाळी सांगितलं. वाटलं भडकतील. टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "गुडघा काय, अजून दोन साल चालते." मग मीच रडले, बावळटासारखी.


१२ मे, मंगळवार

रंजना खिडकीवर. नव्या अर्जाला नवं उत्तर : अभिलेख नियमानुसार नष्ट करण्यात आला. तिनं तो कागद काचेवर थापला.

"आधी म्हने सापडत नाही. आता म्हने जाळला. अन् तुमी त दुकानात येऊन सांगून गेल्या का हाय! कोनाचं खरं मानू मी?"

मी तिला आत घेतलं. कपाट उघडून दाखवलं, लाल गठ्ठा. उघडला नाही. ती त्याच्याकडे पाहतच राहिली. मग मोबाइल काढला.

"फोटो काढू द्या. सगळ्या पानांचे, दहा मिनटं लागन."

"नाही."

"काहून?"

"सही-शिक्क्याशिवाय कोर्टात त्याची चिंधी होते. अन् आत एका माणसाचं नाव हाय, त्याले शब्द देल्ला होता. अन् चोरून मी देणार नाही रंजना. तुह्या हक्काची वस्तू हाय, चोरून काहून घेतं? समोरून घे."

"तुमाले सोपं हाय बोलायले. तुमचा कोनी मेला नाही."

खरं आहे. मग सांगितलं तिला काय करणार आहे ते. कार्यभार यादी. जाताना मी पुढच्या माणसाला काय काय सोपवलं त्याची. रिवाज असा की एक ओळ लिहायची, 'गठ्ठे नोंदवहीप्रमाणे', दोघांनी सह्या करायच्या, चहा प्यायचा. मी एक ओळ लिहिणार नाही. ही फाइल वेगळी लिहीन, पानागणिक. घेणाऱ्यानं सही केली की 'नष्ट' म्हणणाऱ्याचं तोंड बंद. त्या यादीची नक्कल मागता येते.

"अन् घेनाऱ्यानं सही नाही केली त?"

"तर मी चार्ज देत नाही."

पहिल्यांदा हसली. दात थोडे पुढे आहेत तिचे.


२५ मे, सोमवार

माझ्या जागेवर कोमल आली, काटोलहून. तीन वर्षांची नोकरी, एक लहान मूल, नवरा बाहेरगावी. चुणचुणीत आहे. यादी वाचता वाचता २१३ व्या नोंदीला थांबली. 'दंडाधिकारी चौकशी, ४७ पाने, लाल', आणि खाली माझं सत्तेचाळीस ओळींचं वर्णन.

"मॅडम, ही तर नष्ट दाखवली आहे."

"दाखवली हाय. झाली नाही."

"मी नाही सही करणार मॅडम. साहेबांनी सांगून ठेवलं आहे मला. मला घर चालवायचं आहे."

भडकले मी. नको ते बोलले. आजकालच्या पोरी, नुसतं वर पाहून चालतात, असलं काहीतरी. तिचे डोळे भरले. दुपारी जाऊन सॉरी म्हटलं. अकरा वर्षांपूर्वी मी तरी काय होते? चिठ्ठी डकवून घरी जाणारी बाई.

म्हटलं, "मजकुराची सही नको करू. मोजणीची कर. तुझ्या हातानं मोज अन् जेवढी भरतील तेवढी लिही."


२८ मे, गुरुवार

कोमल मोजायला बसली. मी मुद्दाम बाहेर, शबानाशेजारी. वीस मिनिटं. चाळीस. सत्तेचाळीस पानं मोजायला तास लागत नाही. बाहेर आली तेव्हा नाकाचा शेंडा लाल. पाळणाघरातून मूल आणायला गेली.


२९ मे, शुक्रवार

निरोप समारंभ. शाल, नारळ, समोसे. मो.सा. नी भाषण केलं, मेश्राम मॅडम म्हणजे शिस्त. टाळ्या. मी दोन वाक्यं बोलले. चूक केली, लिहून दिली. तुम्हीही द्या. टाळ्या नाहीत. शबानानं एकटीनं वाजवल्या.

पाच वाजता मो.सा. म्हणाले, "चार्ज द्या आता."

"घेणारीची सही होऊ द्या सर."

सगळ्यांसमोर. कोमलनं यादी ओढली. एक ते दोनशे बारा भराभर. २१३ ला थांबली. मो.सा. खाकरले. ती खाली पाहून लिहू लागली : 'स्वतः मोजली. ४७ पाने भरली. मिळाली.' आणि सही, तारीख, वेळ. अक्षर वाकडंतिकडं.

मो.सा. उठून गेले. समोसा अर्धा ठेवून.

कोमल माझ्या कानाशी, "मॅडम, आता माझं काय होईल?"

"मले नाही माहीत पोरी. माझंच नाही माहीत." दुसरं काय सांगणार? धीर द्यायला खोटं बोलवेना. किल्ली दिली तिच्या हातात आणि हात धरून ठेवला.


१ जून, सोमवार

सकाळी पत्र. विभागीय चौकशी सुरू, निकाल लागेपर्यंत पेन्शनचा कागद थांबवलेला. यांनी पत्र घडी करून स्वतःच्या खिशात ठेवलं, "मी पाह्यतो याचं," म्हणाले, आणि मला स्कूटरवर कचेरीत सोडलं. गुडघ्यासकट.

हे मी खिडकीच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहून राहिले. एकतीस वर्षांत या बाकावर कधी बसले नव्हते. एक पाय हलतो त्याचा. रंजना बाजूला. तिनं आज दुकानाचा खाडा केला.

दोन अर्ज दिले. एक तिचा, चौकशीच्या नकलेचा. एक माझा, कार्यभार यादीच्या नकलेचा. खिडकीत कोमल होती. दोन्ही वाचले, आमच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, साहेबांना विचारून येते. अकरा वाजता आत गेली. सव्वा बारा झाले.

मागचे लोक कुरकुर करत आहेत. आतून मो.सा. चा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. कोमलचा आवाज येत नाही.

रंजनानं विचारलं, "मॅडम, नाही म्हनलं त?"

म्हटलं, "म्हणू दे. लिहून म्हणायले लावू."